लेखाचा सातबारा कोणाच्या नावावर?

दोन वर्षांपूर्वी, गौरी-गणपतीच्या आधी, आमच्या गावातल्या एका दिवंगत शिक्षकांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. हातात पुठ्ठ्याची फाइल होती. सरांनी निवृत्तीनंतर नऊ वर्षं एका संकेतस्थळासाठी लेख लिहिले होते. तालुक्यातले ओढे, बारवा, पाणवठ्यांवरचे वीरगळ, पखालवाल्यांच्या आठवणी असे त्रेचाळीस लेख. एक प्रकाशक त्यांचं पुस्तक करायला तयार होता, पण त्याची एक अट होती : ज्यांनी हे आधी प्रसिद्ध केलं त्यांचं ना-हरकत पत्र आणा. संकेतस्थळ तर दीड वर्षापूर्वीच बंद पडलेलं. त्यांच्या पत्त्यावर पाठवलेली प्रत्येक मेल परत येत होती. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, “भाऊ, ह्यांनी लिहिलेलं ह्यांचं नाही का?”

मी वकील नाही. जुने मराठी छापखाने आणि त्यांत छापलेली पुस्तकं हा गेली पंचवीस वर्षं माझ्या छंदाचा विषय. त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. मग १९५७चा स्वामित्वहक्क कायदा आणला आणि शब्दकोश शेजारी ठेवून कलमामागून कलम वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. सरांसारखे शेकडो लेखक आज संकेतस्थळांना आणि अ‍ॅपना लेख पाठवतात. ‘पाठवा’ची कळ दाबताना आपण नेमकं काय देऊन बसलो, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

हक्क केव्हा जन्माला येतो?

एकोणिसाव्या शतकातलं मराठी पुस्तक उघडलं की मुखपृष्ठावर किंवा त्याच्या मागे हमखास एक ओळ दिसते : हे पुस्तक अमुक सालच्या अमुक आक्टाप्रमाणे रजिस्टर केलं असून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेवले आहेत. कधी १८४७चा विसावा आक्ट असतो, कधी १८६७चा पंचविसावा. पहिला कंपनी सरकारच्या काळातला स्वामित्वहक्काचा कायदा, दुसरा पुस्तकांच्या नोंदणीचा. त्या काळी नोंदणीला फार महत्त्व होतं. नोंद केली नाही तर दाद मागणं अवघड होई. ‘रजिस्टर केल्याशिवाय हक्क नाही’ ही आपल्याकडची समजूत तिथून चालत आली असावी.

आजचा कायदा तसा नाही. २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आलेल्या या कायद्याप्रमाणे लेख कागदावर किंवा संगणकावर उतरला त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. ५०० रुपये शुल्क भरून ती करता येते आणि वादाच्या वेळी पुरावा म्हणून तिचा उपयोगही होतो, पण ती नसली म्हणून हक्क बुडत नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवायचं की संरक्षण मिळतं ते मांडणीला, कल्पनेला नाही. बारवांवर लिहिण्याची कल्पना कोणीही घ्यावी. सरांची वाक्यं घेता येणार नाहीत.

सतरावं कलम सांगतं की पहिला मालक लेखक. याला मुख्य अपवाद नोकरीचा. पगारी नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. त्यातही वृत्तपत्र-मासिकाच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुरापुरती कायद्याने सवलत ठेवली आहे : नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा, बाकी सगळे लेखकाचे. बाहेरून लेख पाठवणारा माणूस या अपवादात बसतच नाही. तो कोणाचा नोकर नसतो.

हा हक्क किती वर्षं टिकतो? लेखकाच्या हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. त्यांच्या साहित्याची मुदत १९९१अखेर संपत होती, तेव्हा सरकारने ती दहा वर्षांनी वाढवली. गुरुदेवांमुळे मिळालेली ही दहा वर्षं आमच्या सरांच्या कुटुंबालाही लागू आहेत. म्हणजे बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं : लिहिलेलं ह्यांचंच होतं, आणि आता ते वारसांचं आहे. उरलेलं अर्धं उत्तर, मधल्या काळात सरांनी ते कोणाला देऊन टाकलं होतं का, यावर अवलंबून होतं.

खरेदीखत आणि भाडेपट्टा

शेतजमिनीचा व्यवहार आपल्याला चटकन कळतो, म्हणून तोच दाखला घेतो. खरेदीखत केलं की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. भाडेपट्टा केला तर नाव आपलंच राहतं आणि दुसऱ्याला ठरल्या मुदतीपुरती वहिवाट मिळते. लेखाचंही तसंच आहे. हक्क हस्तांतरित करणं म्हणजे खरेदीखत, आणि वापराचा परवाना देणं म्हणजे भाडेपट्टा.

खरेदीखतासाठी एकोणिसाव्या कलमाने कडक अटी घातल्या आहेत. हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर लेखकाची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही हवी. कोणता लेख, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहायचा राहिला तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्याचा वापरच केला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसेल तेव्हा हस्तांतरण आपोआप गळून पडतं. हे सगळं वाचून मी थक्क झालो. लेखकाच्या निष्काळजीपणाचा फायदा समोरच्याला मिळू नये, याची एवढी काळजी कायद्याने घेतली असेल असं वाटलं नव्हतं.

परवान्याचं प्रकरण जरा सैल आहे. तिसाव्या कलमाप्रमाणे तोही लेखी हवा, पण तिथे पूर्वी असलेली सहीची अट २०१२च्या दुरुस्तीत काढून टाकली गेली. हा लहानसा बदल संकेतस्थळांच्या काळात फार महत्त्वाचा ठरतो. तिकडे पुढे येतो.

मग करारबिरार काही नसताना नुसत्या मेलने लेख पाठवला आणि तो झळकला, तर काय दिलं गेलं? खरेदीखत तर नक्कीच झालेलं नसतं; त्याला सही लागते. फार तर त्या जागी तो लेख प्रसिद्ध करण्याची परवानगी गृहीत धरता येईल. त्यावरून पुस्तक काढण्याची, त्याचं श्राव्य रूप करण्याची, भाषांतराची किंवा तिसऱ्याला विकण्याची परवानगी त्यात येत नाही.

एका माणसाचे दोन खटले

या विषयात अमेरिकेतले दोन खटले एकाखाली एक ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्हींत फिर्यादी एकच, जोनाथन तासिनी. हे तिथल्या मुक्त लेखकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते.

पहिला खटला १९९३ साली दाखल झाला. सहा मुक्त लेखकांनी १९९० ते १९९३ या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘न्यूजडे’ आणि ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये लिहिलेले २१ लेख या प्रकाशनांनी लेक्सिस-नेक्सिससारख्या संगणकीय संग्रहांत आणि सीडींवर घातले होते. लेखकांना विचारलं नव्हतं, जादा पैसे दिले नव्हते. प्रकाशकांचं म्हणणं असं, की हे आमच्या अंकाचंच नवं रूप आहे. २५ जून २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी लेखकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा साधा आहे : संगणकीय संग्रहात लेख एकटा, अंकापासून सुटा होऊन वाचकासमोर येतो. म्हणून तो अंकाचा पुनर्मुद्रित भाग राहत नाही. तो स्वतंत्र वापर ठरतो आणि त्याला लेखकाची स्वतंत्र परवानगी लागते.

लेखक जिंकले. पण पुढे काय झालं? ‘टाइम्स’ने मुक्त लेखकांचे हजारो जुने लेख संग्रहातून काढायला घेतले. प्रकाशकांनी त्यानंतरच्या करारांत सर्व माध्यमांचे सर्व हक्क आधीच लिहून घेण्याचा परिपाठ पक्का केला. करार मूक होता म्हणून लेखक जिंकले होते. मग करारच बोलके झाले.

दुसरा खटला २०११चा. ‘हफिंग्टन पोस्ट’ या संकेतस्थळावर हजारो लोक विनामोबदला लिहीत. त्या वर्षी फेब्रुवारीत एओएल कंपनीने ते संकेतस्थळ ३१.५ कोटी डॉलरला विकत घेतलं. लिहिणाऱ्यांना त्यातलं काही मिळालं नाही. तासिनींनी सुमारे नऊ हजार लेखकांच्या वतीने १०.५ कोटी डॉलरचा दावा लावला. मार्च २०१२मध्ये तो फेटाळला गेला. पैसे मिळणार नाहीत, फक्त प्रसिद्धी मिळेल, हे लेखकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. खेळ संपल्यावर नियम बदलून मागता येत नाहीत, असा न्यायालयाचा रोख होता. अपिलातही तेच कायम राहिलं. पुढे जानेवारी २०१८मध्ये त्या संकेतस्थळाने आपण होऊनच विनामोबदला लेखकांचं ते व्यासपीठ बंद केलं.

हे अमेरिकेतले निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण त्यांतून निघणारा धडा आपल्याही उपयोगाचा आहे. न दिलेला हक्क लेखकाकडेच राहतो. पण समजून-उमजून फुकट दिलेल्याचं मोल नंतर मागता येत नाही. म्हणजे निर्णयाची वेळ एकच, लेख पाठवण्याच्या आधीची.

भारतात २०१२च्या दुरुस्तीने या बाबतीत एक चांगली तरतूद आणली. ती व्हावी म्हणून गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर बरीच खटपट केली होती. अठराव्या कलमात घातलेल्या या तरतुदीप्रमाणे, हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय, हस्तांतरित होत नाहीत. उद्या निघणाऱ्या माध्यमाचा हक्क आज मोघम शब्दांत काढून घेता येत नाही.

टिचकीची सही

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्यांवर मी एक दीर्घ लेख लिहिला. त्यासाठी पुणे, वाई, सातारा अशा खेपा घातल्या होत्या. तो एका अ‍ॅपवर टाकला. मानधन ठरलं होतं १,५०० रुपये, ‘प्रसिद्धीनंतर’. लेख प्रसिद्ध झाला, पैसे आले नाहीत. आठ महिन्यांनी एका मित्राने कळवलं, “तुझा लेख गाडीत ऐकला, छान वाचलाय.” दुसऱ्याच एका श्राव्यसेवेवर तो लेख वाचून दाखवला जात होता. शीर्षक बदललेलं, शेवटचा भाग कापलेला, माझं नाव नाही. मी अ‍ॅपवाल्यांना विचारलं तर त्यांनी नम्रपणे मला माझीच टिचकी दाखवली. नोंदणी करताना ‘अटी मान्य’च्या चौकटीत मी खूण केली होती.

त्या अटी मी तेव्हा पहिल्यांदा वाचल्या. इंग्रजीत असलेल्या त्या एका वाक्यातली विशेषणं मराठीत अशी होतात : कायमस्वरूपी, म्हणजे मुदत नाही. जगभर, म्हणजे हद्द नाही. अपरिवर्तनीय, म्हणजे दिलेली परवानगी मागे घेता येणार नाही. विनास्वामित्वधन, म्हणजे पुढच्या वापराचे पैसे नाहीत. उपपरवान्यास पात्र, म्हणजे ते पुढे तिसऱ्याला देऊ शकतात. आणि शेवटी ‘अनन्य नसलेला’, म्हणजे मीही तो लेख दुसरीकडे देऊ शकतो. या शेवटच्या शब्दाने सातबारा माझ्या नावावर ठेवला होता. पण वहिवाट अशी दिली होती की शेतात माझ्यासाठी बांधच उरला होता.

खूण म्हणजे सही का? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक सही मान्य करतो आणि संगणकावरून झालेले करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाहीत असंही म्हणतो. पण त्या कायद्यातल्या इलेक्ट्रॉनिक सहीची एक ठरलेली रीत आहे; चौकटीतली खूण त्यात बसते असं मला माझ्या वाचनावरून वाटत नाही. म्हणून खुणेने खरेदीखत झालं असं कोणी म्हटलं तर त्याला हरकत घ्यायला जागा आहे. परवान्याला मात्र सही लागत नाही, नुसता लेखीपणा लागतो. अ‍ॅपवाले खरेदीखत न मागता परवाना मागतात, त्यामागे हेही एक कारण असणार.

तरी माझ्या हातात एक गोष्ट उरली होती, सत्तावन्नावं कलम. हक्क विकला तरी लेखकाचे दोन नैतिक हक्क त्याच्याकडेच राहतात : आपलं कर्तृत्व सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला, तेव्हा कथेत केलेल्या बदलांविरुद्ध त्या न्यायालयात गेल्या. चित्रपटाचे हक्क त्यांनी दिलेले होते, तरीही १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाचा आधार स्पष्ट शब्दांत मान्य केला. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनातल्या आपल्या भित्तिशिल्पाच्या नासधुशीबद्दल केंद्र सरकारवर दावा लावला, तेव्हा २००५ साली त्याच न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपयांची भरपाई दिली. मी या कलमाचा हवाला देऊन श्राव्यसेवेला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी नाव लागलं, कापलेला भाग परत आला. पैसे मात्र आले नाहीत.

मानधनाचा हिशेब

पैशांच्या बाबतीत माझी चूक कुठे झाली? ‘प्रसिद्धीनंतर’ या शब्दात. प्रसिद्धी कधी करायची ते संपादक ठरवतो, आणि ‘नंतर’ला तारीख नसते. ‘लेख स्वीकारल्यापासून तीस दिवसांत’ असं लिहून घेतलं असतं तर मागायला पाया मिळाला असता. स्वीकारून न छापलेल्या लेखाचे निम्मे का होईना, पैसे द्यावेत, हेही आधी विचारता येतं. काही ठिकाणी वाचनसंख्येवर पैसे असतात. तिथे मोजणी कोण करतो आणि ती आपल्याला दिसते का, ते विचारावं. मानधनातून ठराविक मर्यादेपलीकडे साधारण दहा टक्के कर कापला जातो. तो आपल्या नावावर जमा होतो आणि करपात्र उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. ठरलेलं मानधन बुडवलं तर दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

फुकट लिहूच नये, असं मला म्हणायचं नाही. मराठीत हौसेने चालणारी कितीतरी संकेतस्थळं आहेत, तिथे कोणीच कोणाकडून कमावत नाही. मराठी विकिपीडियावर लिहिणारा आपला मजकूर कोणालाही, नामनिर्देशाच्या आणि त्याच अटींवर पुढे देण्याच्या बोलीने, वापरू देतो. ते उघड्या डोळ्यांनी केलेलं दान आहे. जिथे आपल्या मजकुराशेजारी जाहिरात झळकते आणि वाचकाकडून वर्गणी घेतली जाते, तिथे लेखकानेच दान करावं, हे मला पटत नाही.

तेव्हा लेखासोबत आता मी एक छोटी मेल पाठवतो. त्यात पाच गोष्टी असतात : हा लेख तुमच्या संकेतस्थळावर एवढी वर्षं ठेवण्यापुरती परवानगी, पुस्तक, श्राव्य, भाषांतर आणि यंत्रांना शिकवण्यासाठीचा वापर यांचे हक्क माझ्याकडे, बदल मला दाखवून, मानधन एवढं, या तारखेपर्यंत, आणि पुनर्मुद्रणाचे हक्क राखीव. ही शेवटची ओळ शोभेची नाही. चालू सामाजिक, राजकीय, आर्थिक किंवा धार्मिक विषयांवरचा लेख दुसऱ्या नियतकालिकाने उचलून छापला तर बावन्नाव्या कलमाप्रमाणे तो भंग ठरत नाही, लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला असेल तरच ठरतो. जुन्या ग्रंथकर्त्यांची ती ओळ अजूनही कामाची आहे. संपादकाने ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलं की तो कागद जपून ठेवायचा.

आणि भलत्यानेच लेख उचलून एखाद्या व्यासपीठावर चढवला तर? त्या व्यासपीठाला लेखी तक्रार द्यावी : लेख कोणता, मालकी कशी, तो नेमका कुठे आहे. २०१३च्या नियमांप्रमाणे तक्रार योग्य वाटल्यास छत्तीस तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मात्र तो पुन्हा सुरू होऊ शकतो. भंगाचा दावा लेखक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. त्यासाठी बेंगळुरू-दिल्लीला जावं लागत नाही.

त्रेचाळीसपैकी अडतीस

सरांच्या नातवाने त्यांची मेलपेटी उघडली. नऊ वर्षांच्या पत्रव्यवहारात एकही करार नव्हता. प्रत्येक लेखाला एकच उत्तर होतं : ‘सर, लेख मिळाला. सुंदर. रविवारी लावतो.’ सही नाही, हस्तांतरण नाही, मानधनही नाही. म्हणजे सातबारा अखेरपर्यंत सरांच्याच नावावर होता. प्रकाशकाला मी कलमं दाखवली, त्याने आपल्या वकिलाला विचारलं. बंद पडलेल्या संकेतस्थळाच्या पत्राची गरज उरली नाही. पत्नी, मुलगा आणि मुलगी या वारसांची संमती पुरली.

लेख मिळवणं त्याहून अवघड गेलं. सर थेट संकेतस्थळाच्या चौकटीत टंकत असत, स्वतःकडे प्रत ठेवत नसत. काही मेलमध्ये सापडले, बरेचसे ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या जुन्या पानांच्या साठ्यात. पाच लेख कुठेच मिळाले नाहीत. त्यांतला एक पखालवाल्यांवरचा होता. ज्या म्हाताऱ्यांनी सरांना त्या आठवणी सांगितल्या, त्यांच्यापैकी आता कोणी हयात नाही. हक्क शाबूत होता, मजकूरच नव्हता. म्हणून माझ्या मेलमधल्या पाच गोष्टींच्या आधी मी एक सहावी करतो : प्रत घरी ठेवतो.

प्रकाशकाचा करारनामा आला त्या दिवशी बाई तो घेऊन माझ्याकडे आल्या. पेन काढलं आणि म्हणाल्या, “भाऊ, कुठं कुठं सही करू सांगा.” मी चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “आधी आपण दोघं वाचू, वहिनी.” चार पानं वाचायला दीड तास लागला. मुदतीची जागा कोरी होती. त्यांनीच विचारलं, “इथं काहीच नाही लिहिलं तर?” मी पाच वर्षांचं कलम सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग कोऱ्या जागेत आपल्या हाताने ‘पाच वर्षे’ लिहिलं आणि त्याखाली सही केली.